खाजनातला रविवार

आज कंबर मोडलीय पार. गोव्यात पेडण्यातल्या आमच्या गावात खाजनाच्या (खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं) बांधाला भोक पडलेलं, खेकड्यांची बिळं आणि वरून खारफुटीची मुळं, मग काय, पुनवेच्या भरतीआधी बुजवायला सकाळी ६ ला आठ-दहा माणसं चिखलात. चिखलाचे गोळे, पेंढा, चार चिरे, परत चिखल. इन्स्टावर टाकायला फोटो काढायला गेलो तर मोबाईलच चिखलात (चालतोय अजून, देवाची कृपा).

आमचे आबा, वय ७४, सगळ्यात पुढे. मी म्हटलं आबा तुमची पोरं दुबईला, शेत कोण करणार पुढे, तुम्ही कशाला मरताय? तर म्हणतात, "अरे माझं दोन पायली कोरगुट जातं ना. पुण्यबिण्य काय नाय." (कोरगुट म्हणजे खारं सोसणारं आमचं भात.) पण खरं सांगू, मला नाही पटलं. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन पावसाळे तरी लागतात मीठ धुवून जायला, तेवढा हिशोब या वयात कोण करतं?

आणि स्वार्थ तर मानशीवर (बांधातलं, पाणी आत-बाहेर सोडायचं दार) पण आहेच की! मासे पकडायचा लिलाव घेतलेला माणूस जास्त मासळीसाठी दार हवं तेव्हा उघडतो आणि खारं पाणी सगळ्यांच्या शेतात. तोही पोटासाठीच, आबाही पोटासाठीच. फरक काय तो मला अजून नीट सांगता येत नाहीये.

जेवताना परत विचारलं तर आबा हसले, "बांध माझ्या वेळी फुटला असं कोणी म्हणता नये, बस."

म्हटलं हा पण स्वार्थच झाला. तर म्हणे, "मग? भात वाढ."