समोरच्या कुटुंबाला माझ्याविषयी काय कळावे?

यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर आपली एक किडनी त्यांना द्यायची असे मी ठरवले. पण माझा रक्तगट ए आणि त्यांचा बी. तेव्हा डॉक्टरांनी स्वॅप ट्रान्सप्लांट सुचवले, म्हणजे आमच्यासारख्याच अडलेल्या दुसऱ्या जोडीतील दात्याने माझ्या यजमानांना आणि मी त्या जोडीतील रुग्णाला किडनी द्यायची. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने, दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक असतील तर, अशा अदलाबदलीला परवानगी दिली आहे.

रुग्णालयातील प्रत्यारोपणाच्या कोऑर्डिनेटर ताईंनी प्रथम जो कागद दाखवला, त्यावर समोरच्या दात्याचे वय, रक्तगट आणि एचएलए (म्हणजे पेशींचा प्रकार जुळतो का, या) तपासणीचा निकाल होता. नावाच्या रकान्यात नुसता क्रमांक. माझाही तसाच कागद तिकडे जाण्याआधी त्यांनी तो ओळीओळीने वाचून दाखवला आणि मगच माझी सही घेतली. नावे आधीच सांगितली आणि पुढे क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींना विरोध करते का या तपासणीत, अडचण आली, तर दोन अनोळखी घरांना एकमेकांची आजारपणे विनाकारण ठाऊक होतात, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

त्यानंतर डॉक्टरांनी यजमानांना बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावले. मी माघार घेतली तरी घरच्यांना ‘दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच सांगितले जाईल, असे त्यांनी स्पष्ट केले. लहानपणी मला टीबी होऊन गेला होता. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि त्यांमुळे शरीरात दबून राहिलेला टीबी पुन्हा उचल खाऊ शकतो, म्हणून माझी किडनी घेणाऱ्याला हे कळणे त्याच्या जिवाच्या दृष्टीने आवश्यकच होते, आणि मी तशी संमती दिली. माझ्या फाइलमधील गर्भपाताची नोंद मात्र समोरच्या कुटुंबापर्यंत जाण्याचे काहीच कारण नव्हते, आणि ती गेली नाही. दाता झाली म्हणून बाईचे सगळे आयुष्य उघडे होत नाही, हे तिथे कोणी तरी जाणत होते याचे मला फार समाधान वाटले.

अशा प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या प्राधिकार समितीच्या मुलाखतीच्या दिवशी, जिचे चित्रीकरणही होते, दोन्ही कुटुंबे नावानिशी भेटली. कोणी मागे फिरू नये म्हणून शस्त्रक्रिया एकाच वेळी झाल्या.

आता आमचे फोनवर बोलणे होते. माझी किडनी तिकडे कशी चालली आहे हे विचारावेसे पुष्कळदा वाटते. पण तो रिपोर्ट त्यांचा आहे, म्हणून त्यांनी आपणहून सांगितले तरच मी ऐकते.