नाव जुळलं म्हणजे पूर्वज सापडला नव्हे

गुहागर-राजापूरकडे कुलवृत्तांताचं काम करणारी मंडळी आडनावाला भुलत नाहीत. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव विचारल्याशिवाय शाखा जोडायची नाही, हा रिवाज. अमेरिकन सुनेचं किंवा जावयाचं घराणं शोधताना मात्र हीच मंडळी इंटरनेटवरची तयार वंशावळ उतरवून घेतात! गुस्ताव्ह आंजू नावाच्या माणसाने श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी करून विकल्या होत्या. त्यांच्या नकलांच्या नकला अजून फिरतात.

१६२० ते १६४० या काळात सुमारे २० हजार इंग्रज न्यू इंग्लंडात, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, गेले. त्यातल्या एखाद्याचं इंग्लंडमधलं गाव शोधायचं, तर सुरुवात अमेरिकेतल्या कागदांपासून करावी: मृत्युपत्र, जमिनीचे व्यवहार, चर्चच्या सभासदांची यादी. शेजारी कोण होते तेही पाहावं, कारण एका गावची माणसं बरेचदा एकत्र वसत. मॅसॅच्युसेट्समधलं हिंगहॅम हे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या हिंगहॅमच्या लोकांनी वसवलं. अब्राहम लिंकनचा पूर्वज सॅम्युअल लिंकन १६३७ मध्ये आला, तो तिकडचाच.

गाव कळल्यावर चर्चच्या नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण सुरुवातीच्या कागदी वह्या पुष्कळशा नाहीशा झाल्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवण्याचा आणि दरवर्षी बिशपकडे नक्कल पाठवण्याचा आदेश निघाला. मूळ वही गहाळ असेल तर ही नक्कल बघायची.

बाप्तिस्मा सापडला की लगेच दफनाची नोंद तपासा. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला देतात, म्हणून बाळाजी विष्णू आणि विष्णू बाळाजी यांची गफलत होते. तिकडे मूल दगावलं की पुढच्या भावंडाला तेच नाव देत. तीन वर्षांचा होऊन पुरलेला जॉन कागदोपत्री बोस्टनला पोहोचतो, तो असा.

तारखांचा घोळ आणखी चिवट. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. आईबापांचं लग्न मे १६२२ चं आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६२२ चा दिसला, तर दचकू नका. तो आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६२३. लिहिताना १६२२/२३ असं लिहावं.

एवढं जुळलं तरी तो नुसता संभव. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे इंग्लंडातल्या बापाचं किंवा काकाचं मृत्युपत्र, ज्यात 'न्यू इंग्लंडात असलेल्या' मुलाला किंवा पुतण्याला काही ठेवलेलं असतं. कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध झालेली मृत्युपत्रं लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. साध्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र बहुधा जिल्ह्याच्या अभिलेखागारात सापडतं.