बार्शी लाईट: नॅरोगेजचं खरं गणित आसावर

नॅरोगेजचा विषय निघाला की पहिला प्रश्न गेजचाच, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचाच येतो. दार्जिलिंग आणि माथेरान 610 मिलिमीटर, वेल्समधली फेस्टिन्योग 597, आपली बार्शी लाईट, ब्रॉडगेज होण्याआधी, 762. पण लाईन किती माल वाहू शकेल, हे नुसत्या या आकड्यावरून कळत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या दांड्यावर, किती वजन पेलवतं, ते आधी बघावं लागतं. बार्शी लाईटने, म्हणजे कुर्डुवाडी–बार्शी लाईनने, ही गोष्ट जगाला फार नेटकेपणाने दाखवून दिली, आणि तिचं हे श्रेय महाराष्ट्रातही पुरेसं माहीत नाही याचं वाईट वाटतं.

ही लाईन 1897 मध्ये सुरू झाली. तिचे कर्ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होते. त्यांचा नियम साधा होता: इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), आसावरचा भार 5 टनांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि भरलेली वाघीण मात्र या मर्यादेपर्यंत पोचली पाहिजे. रूळ, स्लीपर आणि पूल यांचा खर्च सगळ्यात जड आसावरून ठरतो. समजा इंजिनाचा आस 8 टनांचा आणि वाघिणीचा अडीच टनांचा आहे. मग रूळ 8 टनांसाठी टाकायचे आणि पैसे मिळवून देणारा माल त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही हलका न्यायचा. तो खर्च वायाच.

आता हिशोब बघा. दोन बोगींची (दोन-दोन आसांच्या चाकगाड्यांची) वाघीण म्हणजे चार आस, एकूण 20 टन. यात वाघिणीचं स्वतःचं वजन जितकं कमी तितका माल जास्त. म्हणून लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी घेतल्या. 25 फूट लांब, 7 फूट रुंद, हलक्या आणि तरी ताठ. किटसन कंपनीच्या इंजिनाला सहा आस होते, त्यातले चार एकमेकांना जोडलेले, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणारे. चारांवर मिळून 20 टन. चाक न घसरता साधारण त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, म्हणजे 4 टनांच्या आसपास ओढा मिळतो. 1:100 चढावर नुसत्या चढापोटीच टनामागे 10 किलो ओढ लागते, त्यामुळे चढ कमी ठेवणं हेही याच हिशोबात आलं. हे सामान हिंदुस्थानात पाठवण्याआधी 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरती लाईन टाकून चालवून दाखवलं गेलं.

अडचण येते ती रुंदीत. 762 च्या पायावर 7 फुटांचा डबा म्हणजे दोन्ही बाजूंना बराच भाग रुळाबाहेर. एका रुळाखालची खडी 10 मिलिमीटर खचली, तर ब्रॉडगेजवर 2 मीटर उंचीला डबा साधारण 11–12 मिलिमीटर कलतो. तोच खड्डा नॅरोगेजवर जवळजवळ 25 मिलिमीटर कलवतो. शिवाय रूळ हलके, ते खचलेल्या स्लीपरवर लवकर वाकतात, सांध्याशी आपटा बसतो आणि खड्डा वाढतच जातो. नॅरोगेज स्वस्त म्हणून गँग (रुळांची देखभाल करणारी माणसं) कमी ठेवली की आधी सांधे बिघडतात. सांध्याखालचं पॅकिंग, म्हणजे ठोकून बसवलेली खडी, पावसाळ्यानंतर आधी बघायला हवं, वळणं त्यानंतर.

दुसरी डोकेदुखी कुर्डुवाडीला होती. तिथे ब्रॉडगेजचा माल उतरवून नॅरोगेजमध्ये चढवायचा, म्हणजे हमाली, वेळ आणि नासधूस. कमी अंतराच्या मालावर हा खर्च वाहतुकीची बचत खाऊन टाकतो. तरीही बार्शी लाईट पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत वाढली, कारण या भागात दुसरी रेल्वे नव्हती.

कॅल्थ्रॉप यांनी इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनवर (1904, गेज तेच 762) या अडचणीला उत्तर शोधलं. मोठ्या गेजची अख्खी वाघीण वाहून नेणारी बुटकी नॅरोगेज गाडी त्यांनी बनवली. वाघीण चाकांसकट तिच्यावर चढवायची, साखळ्यांनी जखडायची आणि स्टेशनवर मोठ्या गेजच्या छोट्या सायडिंगवर (बाजूच्या रुळांवर) उतरवायची. माल हलवावाच लागत नाही. या सोयीचा मोठा उपयोग दुधाला झाला. दुधाचा धंदा रेल्वेच्या हातून गेला आणि 1934 मध्ये ती लाईन बंद पडली.