आमची वाटचाल: रंगांच्या वहीपासून तब्येतीच्या वहीपर्यंत

पाळीव उंदरांचा आमचा व्यवसाय दोन जोड्यांवर आणि एका वहीवर सुरू झाला. त्या पहिल्या वहीत फक्त रंग लिहिलेले आहेत. कोणत्या नराला कोणती मादी दिली, पिल्लं किती झाली, कुठल्या रंगाची झाली, एवढंच. रंगाच्या ओढीनेच आम्ही या कामात आलो होतो.

ती ओढ पक्की केली एका वेताने. गुलाबी डोळ्यांचा, फिकट केशरी नर आम्ही पांढऱ्याशुभ्र अल्बिनो मादीला दिला होता. पिल्लं फिकटच होणार असं धरून चाललो होतो. बाविसाव्या दिवशी अकरा पिल्लं झाली. नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम पाच-सहा ग्रॅमचं, अंगावर केस नसलेलं, डोळे मिटलेलं. पण मिटलेल्या पापण्यांखालून प्रत्येकाचा डोळा काळा दिसत होता. दोन आठवड्यांत डोळे उघडले, तोवर अकराही जणांच्या अंगावर रानउंदरासारखी तपकिरी लव आली होती. दोन फिकट आईबापांच्या पोटी एकही फिकट पिल्लू नाही!

उलगडा नंतर झाला. आईमध्ये रंग तयार करणारं जनुक दोन्ही प्रतींत निकामी होतं, बापात रंग गडद करणारं. ही दोन वेगवेगळी जनुकं आहेत. आईत जे बिघडलं होतं ते बापाने चांगलं दिलं आणि बापात जे बिघडलं होतं ते आईने. दोन्हींत चांगली प्रत प्रभावी असते, त्यामुळे मूळ रंग परत आला. तेव्हापासून पांढऱ्या उंदराकडे आम्ही झाकण म्हणून बघतो. त्याखाली काळा, तपकिरी, डोक्यावर टोपी नि पाठीवर पट्टा असलेला हुडेड, काहीही दडलेलं असू शकतं. हुडेडचा पट्टा तर दर पिल्लागणिक कमीजास्त होतो. हा पट्टा निवडीने पिढ्यान्‌पिढ्या वाढवता किंवा घटवता येतो, हे विल्यम कॅसल आणि जॉन फिलिप्स या अमेरिकी संशोधकांनी १९१४ मध्येच दाखवून दिलं होतं.

दुसरी वही सुरू झाली ती एका वाईट महिन्यात. कपाळावर रुंद पांढरा पट्टा असलेल्या पिल्लांना फार मागणी होती, म्हणून तशाच दोघांची जोडी लावली. पिल्लं तिसऱ्या आठवड्यात दाणे खायला लागली आणि त्यातल्या तिघांची पोटं फुगली. लेंड्या पडेनात, वाढ खुंटली. एकही वाचलं नाही. पशुवैद्यांनी सांगितलं की मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी पोहोचल्याच नव्हत्या, त्यामुळे आतडं मल पुढे ढकलू शकत नव्हतं. गर्भात कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्याच्या मज्जापेशी एकाच मुळातून निघून आपापल्या जागी पोहोचतात. तो प्रवास अर्धवट राहिला की एकीकडे अंगावर पांढरं क्षेत्र वाढतं आणि दुसरीकडे आतडं लुळं पडतं. पांढरा पट्टा असलेला प्रत्येक उंदीर आजारी असतो असं नाही, पण त्या घराण्यातली सगळी जनावरं, धडधाकट भावंडंसुद्धा, आम्ही पैदाशीतून काढली. ज्यांनी पिल्लं नेली होती त्या सगळ्यांना कळवलं. तो काळ व्यवसायाला जड गेला.

आता वहीत पहिला रकाना श्वासाचा. मायकोप्लाझ्मा हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात असतोच. काहींना तो आयुष्यभर त्रास देत नाही, काहींचा श्वास वर्षाच्या आत घरघरू लागतो. मुताचा अमोनिया साचला की त्याला जोर येतो. म्हणून आमच्याकडे हवा खेळती असते आणि देवदाराचा भुसा अंथरायला कधीच वापरत नाही. डोळ्याभोवती किंवा नाकाला लाल डाग दिसले की लोक रक्त समजून घाबरतात. ते पोर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं. पण उंदीर ताणात किंवा आजारी असल्याची ती खूण असते, त्यामुळे दुर्लक्ष करू नये.

नर एक वर्षाचा झाल्याशिवाय जोडीला लावत नाही, कारण छातीचे आजार उशिरा उघडे पडतात. मादीला मात्र तेवढं थांबवता येत नाही, मग तिची आई आणि आजी कशी जगली ते पाहतो. विण्याआधी नर वेगळा काढतो. नाहीतर पिल्लं झाल्यावर दिवसभरातच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पाचव्या आठवड्यात नर-मादी पिल्लं वेगळी होतात, सहा आठवड्यांआधी कुणाला दिली जात नाहीत, आणि एकटं पिल्लू तर कधीच देत नाही.

नेणाऱ्यांकडून आम्ही एकच गोष्ट मागतो: उंदीर गेला की किती जगला आणि कशाने गेला ते कळवा. बहुतेक जण आठवणीने कळवतात, कधी दोन वर्षांनी, कधी तीन. मादीच्या स्तनात गाठी झाल्या का, शेवटपर्यंत श्वास मोकळा होता का, हे त्या पत्रांत असतं. ती पत्रं वहीत त्या उंदराच्याच पानाला टाचलेली आहेत, आणि नवी जोडी ठरवताना आधी तीच पानं उघडली जातात.