मीटरवर ४.१ व्होल्ट, तरी सर्किट उपाशी

आज औसा तालुक्यातल्या विहिरीवर. पाणीपातळीचं सर्किट मेसेज पाठवायच्या वेळीच रीसेट व्हायचं. मल्टिमीटरवर मात्र ठणठणीत ४.१ व्होल्ट! तो सरासरी दाखवतो हो; सिम८००एल हे मेसेज पाठवणारं मोबाइल मॉड्यूल टॉवरशी बोलताना अर्ध्या मिलिसेकंदापुरता २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बक कन्व्हर्टर (बॅटरीचे १२ व्होल्ट उतरवून मॉड्यूलला देणारा) बॅटरीपाशी, पुढं पन्नास फूट ०.५ चौरस मिमीची वायर. जाऊन-येऊन ३० मीटर, साधारण १.१ ओहम, २ व्होल्ट वायरीतच गडप. मॉड्यूलला किमान ३.४ व्होल्ट लागतात. बॅटरी बदलून काय डोंबल होणार?

कन्व्हर्टर विहिरीवरच्या डब्यात नेला, वायरीतून थेट १२ व्होल्ट सोडले. मॉड्यूलच्या पिनांलगत १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर, क्षणभराचा करंट पुरवायला. वीतभर लांब बसवला तर फायदा कमी होतो. स्क्रू टर्मिनलवरचा हिरवा गंजही पॉलिश पेपरनं घासला.