दीडशे माणसांचं विमान

सकाळपासून ते गाव डोक्यातून जाऊन नाही राहिलं. साऊल नाव आहे. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या बाजूला फ्रेंच गयाना म्हणून मुलूख आहे, वेगळा देश नाही, १९४६ पासून फ्रान्सचाच एक जिल्हा म्हणा, समुद्रापार असून तिथं युरोच चालतो. त्याच्या मधोमध हे गाव, विषुववृत्तापासून साडेतीन-चार अंश वर, चारी बाजूंनी नुसतं जंगल. माणसं दीडशेच्या आसपास. बाहेर जायला गाडीरस्ता नाही, आमच्यासारखा पावसाळ्यापुरता नाही असं पण नाही, बारा महिने नाही. कायेन नावाच्या किनाऱ्यावरच्या शहरातून छोटं विमान येते, तासाभराच्या आत, आणि तेच विमान परत जाते.

मला हेवा वाटला. अजून वाटून राहिला.

दीडशे माणसं म्हणजे किती, आमच्या दोन टोल्यांतली होतात. आणि त्यांच्यासाठी विमान. इकडं गडचिरोलीत पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की आमचं भामरागड तुटते, आणि एकटं भामरागड कुठं, मागची शंभराच्या वर गावं तुटतात. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा इथं एकमेकींना मिळतात, संगम पाहायला उन्हाळ्यात लोकं येतात, फोटो काढतात, छान वाटते त्यांना, पण पावसाळ्यात इंद्रावती फुगली की ती पर्लकोटाचं पाणी पुढं जाऊच देत नाही, ते मागं फिरते आणि सरळ बाजारपेठेत शिरते. लाहेरीच्या पुढं गुंडेनूर नाला भरला की बिनागुंड्याकडचे लोकं तर भामरागडलेही येऊ शकत नाहीत. म्हणून चार महिन्यांचं रेशन आधीच येऊन पडते, पोटुशी बाया दिवस भरायच्या आधी दवाखान्याजवळच्या माहेरघरात जाऊन राहतात, आणि जी राहून गेली तिच्यासाठी खाटेची कावड, चार माणसं आणि कमरेएवढं पाणी. त्या वर्षीचं मी लिहीत नाही. ह्यांना आवडणार नाही आणि मलाही झेपणार नाही.

तर विमान. हेवा विमानाचाच आहे की दुसऱ्या कशाचा तेच कळून नाही राहिलं म्हणून लिहायला बसली.

पोरीला भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी जंगलातल्या एका वस्तीची माहिती पाहिजे होती, अहेरीहून फोन केला, आम्ही दोघींनी मिळून हे गाव काढलं. वाचता वाचता ती म्हणाली, "आई, तिथं तर विमान येते नं, आपल्याकडं पावसात बस बी येत नाही." हसूनच म्हणाली. आणि त्याच दमात, "मी पोळ्याले येत नाही हो यंदा, नदी भरली तर तिकडंच अडकून पडीन, परीक्षा आहे." मी म्हटलं बरं. काय म्हणणार, बरोबरच आहे तिचं. पण "तिकडं" म्हणाली. घरी नाही म्हणाली. तान्ह्या पोळ्याचा तिचा लाकडी नंदी मी परवाच धुऊन पुसून ठेवला होता, आता मोठी झाली ती, त्याच्याशी खेळायची थोडी आहे, पण ठेवला होता.

मग फोन ठेवल्यावर रेंज होती तोपर्यंत मी एकटीच वाचत बसली. रागानंच वाचलं म्हणा, की या गावात असं काय आहे.

गाव सोन्यामुळं बसलं. शंभरेक वर्षांपूर्वी सेंट लुसिया आणि त्या बाजूच्या कॅरिबियन बेटांवरून सोनं शोधणारी माणसं नदीनं होड्या घेऊन आणि मग पायी जंगल तुडवत आत आली, त्यातल्याच एकाचं नाव गावाला पडलं. सोनं कमी झालं तशी माणसं निघून गेली, थोडी राहिली. लाकडाचं चर्च आहे, दोन मनोऱ्यांचं. आता तिथं जंगल पाहायला लोकं जातात, मोठमोठ्या झाडांमधून पायवाटा आखून ठेवल्या आहेत. २००७ साली फ्रान्सनं त्या भागात राष्ट्रीय उद्यान केलं, चौतीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आपल्या गडचिरोलीसारखे दोन जिल्हे त्यात बसून वर जागा उरेल. आणि गंमत म्हणजे पाऊसही त्यांचा उलटा, डिसेंबरपासून जुलैपर्यंत. आमच्या नद्या भरतात तेव्हा त्यांचे कोरडे दिवस सुरू होतात.

पण जे काही दुरून लागते ते सगळं विमानानं. तांदूळ, औषध, गॅस, एखाद्या मशीनचा पार्ट, आणि प्रत्येक किलोवर भाडं चढते. २०२३ मध्ये ती विमानं चालवणारी कंपनीच बुडाली तर आतल्या गावांची विमानंच थांबली. तेव्हा त्या दीडशे माणसांनी काय केलं असंल हे आमच्या इथल्या कोणालाही विचारा, कोणीही सांगेल. आधी मीठ मोजलं असंल. सोनं चोरून काढणारे अजूनही त्या मुलुखाच्या जंगलात शिरतात, सोनं धरायला पारा वापरतात, तो नदीत जातो, नदीतून मासळीत, आणि मासळी खाऊन जगणाऱ्या आदिवासींच्या अंगात. आमच्या सूरजागडच्या लोहखाणीचं मी इथं काढत नाही, तो विषय वेगळा आहे, त्यावर लिहायला बसली तर रात्र पुरणार नाही.

हे सगळं वाचून हेवा जायला पाहिजे होता. नाही गेला. विमान ते विमान. खाटेवर नेण्यापेक्षा विमान कधीही चांगलं आणि ते आम्हालाही पाहिजे, निदान उंच पूल पाहिजे, हे मी कोणासमोरही म्हणीन.

मग शाळेचं वाचलं. गावात लहान पोरांचीच शाळा. पुढचं शिकायचं तर किनाऱ्यावर. म्हणजे अकरा वर्षांचं लेकरू त्या विमानात बसवून द्यायचं. तिथं मी थांबली. ती माय त्या धावपट्टीपाशी उभी राहत असंल, हात करत असंल, आणि सुट्ट्या जवळ आल्या की लेकरू फोनवर म्हणत असंल, आई, यंदा नाही जमत. विमान असून म्हणत असंल. तिकीट महाग आहे, हवा खराब आहे, मैत्रिणीकडं जायचं आहे. तिच्याकडं तर नदीचं कारणही नाही सांगायला.

बराच वेळ रडू येऊन राहिलं होतं, का ते नीट सांगता येत नाही, आणि मग हळूहळू ओसरलं. पोरगी बरोबर आहे. पुलावर पाणी दिसलं की पाऊल टाकायचं नाही, कोणी कितीही म्हटलं तरी नाही, हे मीच तर तिच्या हाडात भिनवलं. ती हिशोब करून वागते याचं मला बरंच वाटायला पाहिजे, आणि वाटतेच, थोडं. पूल झाला तरी ती दर सणाला येणार नाही हे मला आज कळलं, म्हणजे आधीच कळत असंल, आज वाचता वाचता डोळ्यांसमोर आलं.

तिकडं आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं घड्याळ आहे, म्हणजे मी हे लिहून राहिली तेव्हा तिथं अजून दुपार आहे.

उद्या रेंज आली की शाळेचं तेवढं प्रोजेक्टमध्ये टाक म्हणून तिला सांगते, विमानाचं सगळेच लिहितील. दसऱ्याला येते म्हणाली आहे, तोवर पाणी उतरलेलं असते, आलापल्लीहून बस पण नीट सुरू असते. खोलीतल्या मैत्रिणीलाही घेऊन ये म्हणणार आहे, त्या पोरीनं संगम पाहिला नाही अजून.