ओपीडीत शिकवताना आधी विद्यार्थ्याचे हात बघा

मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत विद्यार्थी बराच वेळ सरांच्या खुर्चीमागे उभा असतो. दाराबाहेर रांग, टेबलावर केसपेपरांचा ढीग, आणि शिकवणं म्हणजे मधूनच विचारलेले दोन प्रश्न. वॉर्डातला पेशंट संध्याकाळीही सापडतो, ओपीडीतला पाच मिनिटांत घरी जातो. त्यामुळे विद्यार्थी केस कशी सांगतो याआधी तो तपासतो कसा, हे तिथल्या तिथे बघायला हवं. माझा सगळा भर यावरच आहे.

गर्दीत हे जमवायचं तर बाजूला एक टेबल लावा. एका विद्यार्थ्याला एकच पेशंट आणि दहा मिनिटं द्या. 'पूर्ण हिस्ट्री घे' असं सांगू नका, 'खोकला कशामुळे आहे ते शोध' असं सांगा. विद्यार्थ्याने केस सांगताना वय, तक्रार, किती दिवसांची आणि स्वतःचा अंदाज हे पहिल्या दोन वाक्यांतच आलं पाहिजे. मग विचारायचं: तुला काय वाटतं? कशावरून? त्यावर एकच नियम शिकवायचा, मग जे बरोबर केलं ते नेमकं सांगायचं आणि चुकलं ते दुरुस्त करायचं. ही 'वन मिनिट प्रिसेप्टर' पद्धत १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी मांडली. आपल्या गर्दीतही ती चालते, कारण तिला वेगळा तास लागत नाही.

मोठ्यांच्या ओपीडीत बीपीपासून सुरुवात करा. पेशंट चालत आला की लगेच पट्टा बांधला जातो, आणि आकडा जास्त येतो. पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. पट्ट्यातल्या रबरी पिशवीने दंडाचा ८० टक्के घेर झाकला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटंच वाढतं आणि माणसाला नको ती गोळी सुरू होते. आधी नाडीवर बोट ठेवून बीपीच्या वरच्या आकड्याचा अंदाज घ्यायचा, त्याहून ३० ने जास्त हवा भरायची आणि सेकंदाला पाऱ्याच्या २ मिमीच्या गतीने सोडायची. सगळ्यांचंच बीपी १४०/९० किंवा १५०/९० लिहिलेलं दिसलं, तर विद्यार्थी हवा भराभर सोडतोय असं समजा. मधुमेही पेशंटला 'गोळ्या घेता ना?' विचारलं की उत्तर 'हो' असंच येतं. 'गेल्या आठवड्यात किती चुकल्या?' असं विचारायला शिकवा. आणि चप्पल काढायला लावून बोटांच्या बेचक्या बघितल्याशिवाय तपासणी संपवू देऊ नका.

लहान मुलांच्या ओपीडीत सगळ्यात जास्त चुकतं ते श्वास मोजणं. मूल आईच्या मांडीवर शांत हवं. रडताना किंवा दूध पिताना मोजायचं नाही, झोपलं असेल तर उठवायचं नाही. शर्ट वर करून पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एक श्वास चुकला की चारचा फरक पडतो. बाळ आठ महिन्यांचं असेल तर ४८ आणि ५२ मध्येच निदान बदलतं. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. विद्यार्थ्याबरोबर तुम्हीही मोजा, दोघांनी न बोलता आकडा कागदावर लिहा आणि मग ताडून बघा. पाचाहून जास्त फरक असेल तर पुन्हा मोजा. छाती आत ओढली जाते का, हेही त्याच वेळी दिसतं.

डोस हा वेगळा धडा. दहा किलोच्या मुलाला तापासाठी पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप ६ मिली, पाच मिलीत २५० असलेलं ३ मिली, आणि एका मिलीत १०० असलेले ड्रॉप्स दीड मिली. सिरपचा आकडा ड्रॉप्सला लावून ६ मिली दिले तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून केसपेपरवर वजन त्याच दिवशीचं हवं, आणि मिलिग्रॅम, मिली आणि बाटलीची ताकद तिन्ही लिहायची. बिनसुईची ५ मिलीची सिरिंज आणि वाटीभर पाणी टेबलावर ठेवा. 'ताई, भरून दाखवा' म्हणत विद्यार्थ्याने आईकडून नेमकी ३ मिलीची खूण भरून घ्यावी, मगच केसपेपर औषधांच्या खिडकीकडे पाठवावा.